लोकप्रिय चित्रपटातील पैसा आणि विद्यार्थ्यांचे अर्थभान : बेलवली-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लोकप्रिय चित्रपटात पैसा 'प्रसंग' म्हणून येतो, तर प्रत्यक्ष जीवनात तो 'प्रक्रिया' म्हणून वावरतो. चित्रपट पैशाविषयीची इच्छा, लाज आणि भीती समर्थपणे दाखवतो. मात्र काळ, व्याज आणि कागदपत्र यांना तो संकलनाच्या मेजावर वगळतो. अर्थसाक्षरतेच्या औपचारिक अभ्यासक्रमात नेमकी उलट स्थिती आढळते. निवडक मराठी व हिंदी कलाकृतींच्या आधारे या दोन अपूर्णतांचा विचार प्रस्तुत लेखात केला असून, चित्रपट जेथे काळ ओलांडतो तेथेच विद्यार्थ्याचे आर्थिक शिक्षण सुरू होऊ शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लोकप्रिय चित्रपट, अर्थभान, कर्ज, हप्ता, फसवणूक, महाविद्यालयीन अध्यापन

१. प्रस्तावना

श्रीराम राघवन दिग्दर्शित 'बदलापूर' हा हिंदी चित्रपट २० फेब्रुवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला. बँकेवर दरोडा घालून पळणाऱ्या गुन्हेगारांच्या हातून नायकाची पत्नी व लहान मुलगा मारले जातात. एक गुन्हेगार पकडला जातो व तुरुंगात जातो, दुसरा लुटीसह निसटतो आणि नायक बदलापुरात येऊन राहतो. त्यानंतर चित्रपट पंधरा वर्षांचा काळ एका उडीत ओलांडतो. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी या गावाच्या नावाविषयी लोकसमजूत आहे. चित्रपटाने त्या नावातून सूडाचा अर्थ काढला आणि गावाला प्रतीक्षेचे स्थळ केले.

बदलापूर हे प्रतीक्षेचे स्थळ आहेच; फक्त प्रतीक्षा वेगळी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर अंतरावरील या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी कुटुंबे येथे आली. पश्चिमेकडील बेलवलीसारख्या जुन्या गावठाणाभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे घर हे हप्त्यांवर घेतलेले घर आहे. उल्हासनगरच्या दुकानदाराच्या घरात उधारीची वही, अंबरनाथच्या कारखान्यातील कामगाराच्या घरात पगाराची तारीख आणि बदलापूरच्या नोकरदाराच्या घरात हप्त्याची तारीख असते. या तिन्ही शहरांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पैशाचा काळाशी असलेला संबंध घरात रोज पाहत असतो.

येथे एक हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. २० लाख रुपयांचे गृहकर्ज साडेआठ टक्के वार्षिक दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल केवळ ३,१८९ रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण परतफेड ४१ लाख ६५ हजारांच्या वर जाते. 'बदलापूर'चा नायक जी पंधरा वर्षे एका उडीत ओलांडतो, तेवढी वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यानंतर या कर्जदाराच्या डोक्यावर सुमारे ८ लाख ४६ हजार रुपये शिल्लक असतात. दरमहा सारखीच रक्कम भरूनही तीन चतुर्थांश काळात तीन चतुर्थांश कर्ज फिटत नाही. हे त्या घरातील पदवीधर होऊ घातलेल्या मुलाला किंवा मुलीला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

चित्रपटाने हे सांगावे अशी अपेक्षा अर्थातच नाही. कलाकृतीला पाठ्यपुस्तकाचे काम सोपवणे ही समीक्षेची जुनी चूक आहे. परंतु पैशाविषयीची तरुणांची भाषा, विनोद आणि आदर्श मोठ्या प्रमाणात पडद्यावरून येत असतील, तर त्या पडद्यावर पैशाचे कोणते रूप दिसते आणि कोणते दिसत नाही, याची तपासणी आवश्यक ठरते.

२. कर्जाची कथा : पाश आणि त्याचा कागद

मराठी भूमीतील चित्रपटाने पैशाचा विषय फार लवकर हाताळला. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला आणि १९३६ मध्ये याच कथेचा बोलपट केला. मूकपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकाराकडे जमीन गमावलेला हा शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. पौराणिक कथांचे वर्चस्व असलेल्या काळात कर्ज हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हे पेंटरांनी दाखवून दिले.

या कथेमागे महाराष्ट्राचा इतिहास उभा होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे जाळले, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या कागदावर रोख धरला, ही बाब अर्थपूर्ण आहे. जो कागद वाचता येत नाही पण ज्यावर अंगठा उमटवावा लागतो, तोच पाश आहे, हे त्यांना पुरते कळले होते.

शेत गमावून गिरणीत आलेल्या या माणसाच्या पुढच्या पिढ्यांची कथा महेश मांजरेकर यांच्या 'लालबाग परळ' या २०१० च्या चित्रपटात येते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेले कुटुंब आणि गुन्हेगारीकडे वळणारी तरुण पिढी हा त्याचा विषय. शेतातून गिरणीत, गिरणीतून बेकारीत आणि पुढे उपनगरांच्या टोकाकडे, असा एका मोठ्या मराठी समाजगटाचा प्रवास आहे. पहिल्या दोन टप्प्यांवर चित्रपट झाले. तिसरा टप्पा, म्हणजे कर्जाऊ घराचा संथ टप्पा, पडद्यावर क्वचितच दिसतो. त्यात खलनायक नाही, संप नाही, गोळीबार नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून वजा होणारी रक्कम आहे.

सावकारी पाशाचे नवे रूप मात्र विद्यार्थ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या व्यवहाराचा एक कल्पित नमुना घ्यावा : मंजूर रक्कम ५,००० रुपये, 'प्रक्रिया शुल्क' वजा जाऊन हाती ३,५०० रुपये, आणि सात दिवसांनी परतफेड ५,००० रुपये. हाती आलेल्या रकमेवर आठवड्याचा भार जवळपास ४३ टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला २,२०० टक्क्यांहून अधिक होतो. पडद्यावरच्या कोणत्याही सावकाराला लाजवील असा हा दर आहे. तरीही येथे मिशीला पीळ देणारा सावकार दिसत नसल्यामुळे विद्यार्थ्याला पाश ओळखू येत नाही. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वार्षिक एकूण दर नमूद करणारे तथ्यपत्रक कर्जदाराला आधी दिले पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. सुप्याच्या शेतकऱ्याला न वाचता आलेला कागद आता मराठीतही मागता येतो. तो मागण्याची आणि वाचण्याची सवय लावणे ही शिक्षणाची जबाबदारी आहे.

३. 'घरौंदा' : बचतीचे अपुरेपण

भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा' हा १९७७ चा चित्रपट मुंबईतील घराच्या प्रश्नावरील सर्वांत प्रामाणिक चित्रपटांपैकी एक मानावा लागेल. त्याची कथा डॉ. शंकर शेष यांची होती. सुदीप आणि छाया (अमोल पालेकर व झरीना वहाब) एकाच कार्यालयात काम करतात. लग्नापूर्वी स्वतःचे घर हवे म्हणून ते पै पै साठवतात, सदनिकेसाठी पैसे भरतात आणि बांधकाम व्यावसायिक त्यांना फसवतो. त्यांच्याप्रमाणे पैसे गुंतवलेला सुदीपचा सहनिवासी आत्महत्या करतो. खचलेला सुदीप छायाला सुचवतो, की तिने हृदयविकार असलेल्या श्रीमंत मालकाशी (श्रीराम लागू) लग्न करावे. त्याच्या मृत्यूनंतर पैसा आणि घर दोन्ही मिळतील. छाया लग्न करते, परंतु हळूहळू त्या नात्यात मनाने गुंतते आणि सुदीपचा हिशेब चुकतो.

या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील तरुण उधळे नाहीत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' आणि 'थेंबे थेंबे तळे साचे' या दोन्ही म्हणी त्यांनी पाळल्या आहेत. तरीही ते बुडतात. विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक आर्थिक उपदेशांचा सूर 'बचत करा' एवढाच असतो. 'घरौंदा' त्या उपदेशाची मर्यादा दाखवतो. बचत हे कौशल्याचे अर्धे अंग आहे. साचवलेला पैसा कोणाच्या हाती, कोणत्या कागदावर आणि कोणत्या टप्प्याला द्यावा, हे उरलेले अर्धे अंग.

येथे चित्रपटाच्या कथनातील एक मौन ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीसंबंधीचा कायदा १९६३ पासून अस्तित्वात होता. लेखी व नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाने किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे सुदीप व छाया यांच्या काळातही त्यांच्या बाजूने एक कायदा उभा होता; कथेच्या वळणात मात्र त्याला निर्णायक स्थान नाही. या मौनाला दोष म्हणता येत नाही. सामान्य माणसाच्या अनुभवात कायदा किती दूर होता, याचा तो पुरावाच आहे. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा १० टक्के केली आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. १ मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंद तपासण्याची सोय झाली.

बेलवलीच्या रस्त्यावर गृहप्रकल्पांचे फलक रोज वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या फलकावरील नोंदणी क्रमांक कशासाठी असतो हे ठाऊक नसेल, तर त्याने 'घरौंदा' पाहून डोळे पुसले तरी तो सुदीपइतकाच असुरक्षित राहतो. चित्रपट दुःखाची ओळख करून देतो. तो क्रमांक कसा वाचावा, हे दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते.

४. हसू आणि नुकसान

सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा मराठी मध्यमवर्गाचा पाठ झालेला चित्रपट. पुण्यात भाड्याची खोली मिळवण्यासाठी चार तरुणांनी केलेली सोंगे हा त्याचा गाभा. त्यातील घरमालकाच्या औषधाचा आणि सत्तर रुपयांचा प्रसंग प्रेक्षकांच्या तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे. हा विनोद सर्वांना आवडतो, कारण भाडेकरूने घरमालकावर केलेली ती छोटी कुरघोडी असते. तरीही आर्थिक दृष्टीने पाहता, पैसे परत न देण्याची कला येथे चातुर्य म्हणून साजरी होते. बुडालेले सत्तर रुपये कोणाचे, हा प्रश्न हसण्याच्या भरात उरत नाही.

हसण्याची ही दिशा २००६ च्या नीरज व्होरा दिग्दर्शित 'फिर हेरा फेरी'त उलटते. आधीच्या 'हेरा फेरी'त (२०००) अचानक श्रीमंत झालेले तिघे आता एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत सर्वस्व गुंतवतात आणि मुदत भरल्यावर योजनेचे कार्यालयच नाहीसे झालेले असते. हा प्रसंग महाविद्यालयीन तरुणांच्या बोलण्यात वाक्प्रचारासारखा रुळला आहे. 'एकवीस दिवस' म्हटले की फसवणूक, हे सर्वांना कळते.

कळते, पण ते हसण्यापुरते. एकवीस दिवसांत दुप्पट म्हणजे नेमके काय, हे कागदावर मांडले तर वेगळाच अर्थ उघड होतो. एक हजार रुपये दर एकवीस दिवसांनी दुप्पट होत गेले, तर सतरा फेऱ्यांनंतर, म्हणजे ३५७ दिवसांत, ते १३ कोटी १० लाख ७२ हजार रुपये होतील. असे देणारा कोणताही व्यवसाय पृथ्वीवर संभवत नाही. जुन्या ठेवीदाराला नव्या ठेवीदाराच्या पैशातूनच परतावा दिला जातो आणि नवे ठेवीदार आटले की डोलारा कोसळतो. ही आकडेमोड एकदा स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी 'आठवड्याला अमुक टक्के' हे शब्द ऐकताच सावध होईल. केवळ चित्रपट पाहिलेला विद्यार्थी मात्र एकवीस दिवस टाळून आठवड्याच्या योजनेत अडकू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील 'टोरेस' या नावाने चाललेल्या दागिने व खड्यांच्या व्यवसायाविरुद्ध गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. तेथेही आकर्षण आठवड्याच्या परताव्याचेच होते. ज्या शहरातील प्रेक्षकाला 'फिर हेरा फेरी'चे संवाद पाठ आहेत, त्याच शहरातील ही घटना आहे.

आणखी एक भेद येथे सांगावयास हवा. लोकप्रिय चित्रपटामुळे 'चिट फंड' हा शब्दच फसवणुकीचा पर्याय झाला. वस्तुतः १९८२ च्या कायद्याखाली नोंदणीकृत चिट फंड हा नियमबद्ध व्यवहार आहे, आणि घराघरांत चालणारी भिशी हे त्याचे अनौपचारिक, विश्वासावर उभे असलेले रूप आहे. भिशीत पैसा वाढत नाही. सभासदांचाच पैसा आळीपाळीने एकेकाच्या हाती येतो. वाढ आणि आळी यांतील हा फरक ज्याला समजला, त्याला भिशीचे मोल आणि जोखीम दोन्ही समजतात.

५. ठकाचे आकर्षण

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) या नाटकातील लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी अजरामर केला. न्यायालयात उभा असलेला हा बहुरूपी ठक प्रेक्षकाला घृणास्पद वाटायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या वाक्चातुर्याला टाळ्या पडत राहिल्या. फसवणाऱ्याला रंगमंच मिळतो, फसवलेल्यांना साक्षीपुरता पिंजरा मिळतो. लोकप्रिय कलेचा हा जुना पक्षपात आहे.

हन्सल मेहता यांच्या 'स्कॅम १९९२' या ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या हिंदी मालिकेत हाच पक्षपात नव्या सफाईने दिसतो. सुचेता दलाल व देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारित ही मालिका बँकांमधील रोखे व्यवहार आणि बँक पावत्यांचा गैरवापर बऱ्याच बारकाईने समजावते. शोधपत्रकाराचे काम तिच्या कथनाच्या केंद्राजवळ ठेवलेले आहे, हे तिचे श्रेय. तथापि, तरुणांच्या स्मरणात राहिले ते तिचे शीर्षकसंगीत आणि जोखमीला प्रेमाशी जोडणारा नायकाचा संवाद. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्याच्या कारागृहात कोठडीत असताना हर्षद मेहता यांचा मृत्यू झाला, हा कथेचा शेवट ठाणे जिल्ह्यातीलच असूनही त्याची रिंगटोन होत नाही.

बदलापूरच्या नावातील 'बदला' या शब्दाला दलाल स्ट्रीटवर एक तिसराच अर्थ होता. सौदा पूर्ण न करता, उसन्या पैशाच्या आधाराने तो पुढील सत्रात ओढण्याच्या पद्धतीला तेथे 'बदला' म्हणत. सेबीने २००१ मध्ये ही पद्धत कायमची बंद केली. परंतु थोड्या पैशात मोठा सौदा करण्याची ओढ बंद झाली नाही. ती वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत वाहू लागली. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी असलेली डिमॅट खाती मार्च २०२४ पर्यंत १५ कोटींवर गेली. या वाढीचे कारण एखादी मालिका होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टाळेबंदी, स्वस्त इंटरनेट आणि सुलभ अ‍ॅप ही कारणे उघड आहेत. मालिकेने दिली ती या वर्तनाला भाषा.

त्या भाषेसमोर सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ठेवावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांतील तीस वर्षांखालील व्यक्तींचे प्रमाण २०२२-२३ मधील ३१ टक्क्यांवरून पुढील एका वर्षात ४३ टक्क्यांवर गेले. शंभरातील त्र्याण्णव माणसांची कथा कोणी चित्रपटात घेत नाही, कारण ती सर्वांची सारखीच आणि कंटाळवाणी असते. कथा उरलेल्या सातांतून निवडली जाते. पडद्यावरील यश हे निवडलेले उदाहरण असते, ही जाणीव अर्थभानाचा भाग आहे आणि वाङ्मयीन जाणिवेचाही.

६. वाटाण्याचे रोप

जोखीम पत्करणारा प्रत्येक माणूस ठक किंवा भोळा असतो, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघू नये. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दादासाहेब फाळके (नंदू माधव) चित्रपटाच्या वेडाने घर विस्कटतात, घरातील वस्तू विकल्या जातात, शेजारी त्यांना वेड्यात काढतात. तरीही चित्रपटाचा सूर खेळकर राहतो. सरस्वतीबाई (विभावरी देशपांडे) या वेडाच्या भागीदार आहेत. पत्नीला न सांगता घेतलेले कर्ज आणि तिच्या संमतीने पत्करलेली जोखीम यांतील फरक येथे कोणत्याही उपदेशाविना उमटतो.

फाळके यांच्या चरित्रातील क्रम पाहण्यासारखा आहे. विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ मध्ये ते लंडनला गेले ते तंत्र शिकण्यासाठी व यंत्रसामग्री घेण्यासाठी. परतल्यावर भांडवल हवे होते. त्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून तयार केलेला लघुपट अर्थसाहाय्य करू शकणाऱ्यांना दाखवला. मगच पैसा मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. आधी शिक्षण, मग नमुना, मग कर्ज, असा हा क्रम आहे. 'फिर हेरा फेरी'तील तिघांकडे यांपैकी एकही पायरी नव्हती.

त्या रोपाच्या चित्रणात या संपूर्ण विषयाचे मर्म सामावलेले आहे. रोपाला वाढायला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागलेच. फाळके यांना दररोज थांबून ते टिपावे लागले. पाहणाऱ्याला मात्र ती वाढ काही क्षणांत दिसली. काळ आखडून दाखवणे हे चित्रपटाचे सामर्थ्य आहे. पडद्यावरील वाढ खरी असते, तिचा वेग खरा नसतो. विद्यार्थी वाढ पाहतो आणि वेगही खरा मानतो, तेथे गफलत होते.

पैशाचे रोप कसे वाढते याचे साधे उदाहरण टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीचे घेता येईल. दरमहा ५०० रुपये, पाच वर्षे, व्याजदर ६.७ टक्के धरला, तर भरलेले ३०,००० रुपये सुमारे ३५,६८३ रुपये होतात. साठ महिन्यांत ५,६८३ रुपयांची वाढ ही पटकथेसाठी निरुपयोगी आहे. पण साठ वेळा पाळलेली तारीख ही जी सवय लावते, ती पुढे वीस वर्षांचा हप्ता पेलू शकते.

७. अध्यापनासाठी काही सूचना

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील २७ टक्के प्रौढच वित्तीयदृष्ट्या साक्षर आढळले. यानंतर महाविद्यालयांतून कार्यशाळा, पुस्तिका, प्रमाणपत्रे वाढली. त्यांची अडचण चित्रपटाच्या अगदी उलट आहे. तेथे सूत्रे असतात, पण मोह नसतो. चक्रवाढ असते, पण बहिणीच्या लग्नासाठी रात्री उशिरा घेतलेला निर्णय नसतो. पैशाच्या चुका बहुधा आकडेमोड न आल्यामुळे होत नाहीत. आकडेमोड करण्याची लाज वाटते म्हणून होतात. मित्राला व्याज विचारणे, विकासकाकडे नोंदणीचा कागद मागणे, नातेवाइकाच्या योजनेला नकार देणे यांत संकोच आडवा येतो. हा संकोच चित्रपटाला कळतो, पुस्तिकेला कळत नाही.

म्हणून दोहोंना एकत्र आणावे. मराठी वा हिंदीच्या प्राध्यापकाने 'घरौंदा'तील प्रसंग चर्चेला घ्यावा आणि वाणिज्याच्या प्राध्यापकाने तेथेच महारेराच्या संकेतस्थळावर परिसरातील एखाद्या प्रकल्पाची नोंद शोधायला लावावी. एकवीस दिवसांची दुप्पट विद्यार्थ्यांनी फळ्यावर सतरा ओळींत मांडावी. 'स्कॅम १९९२'नंतर सेबीच्या अभ्यासातील कोष्टक वाचावे. अनधिकृत ठेव योजनांविषयी तक्रार नोंदवण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' हे संकेतस्थळ आहे, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे, हे प्रत्यक्ष दाखवावे. बँकेतील ठेवीला प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाख रुपयांपर्यंतच विमा संरक्षण आहे, ते ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी १ लाख होते, ही माहिती घरी जाऊन सांगण्यास विद्यार्थ्यांना सुचवावे.

एक पथ्य अवश्य पाळावे. विद्यार्थ्याच्या घरचे कर्ज हा वर्गातील उदाहरणाचा विषय नव्हे. हप्ता थकलेल्या घरातील मुलगी भर वर्गात तोंड उघडणार नाही आणि तिला तसे भाग पाडणे क्रूरपणाचे होईल. मात्र सुदीपच्या कर्जाविषयी, छायाच्या निर्णयाविषयी ती मोकळेपणाने बोलेल, आणि बोलताना मनातल्या मनात आपल्या घराचा हिशेब मांडेल. कल्पित पात्राच्या आडून स्वतःच्या प्रश्नाकडे पाहता येणे हा वाङ्मयाचा सर्वांत जुना उपयोग आहे. चित्रपटाचे अध्यापनातील खरे स्थान येथे आहे.

८. निष्कर्ष

'सावकारी पाश'पासून 'स्कॅम १९९२'पर्यंतच्या कलाकृतींनी पैशाभोवतीची माणसे जिवंत केली. पैशाचा काळ मात्र त्यांनी वगळला, आणि कलेला तो वगळण्याचा अधिकार आहे. शिक्षणाला तो अधिकार नाही. आर्थिक कौशल्याने अपुरे उत्पन्न पुरेसे होत नाही आणि महाग घर स्वस्त होत नाही, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. कौशल्याने एवढेच साधते, की कष्टाने मिळवलेला पैसा अज्ञानामुळे किंवा संकोचामुळे दुसऱ्याच्या खिशात जात नाही. बेलवलीतून सकाळची गाडी पकडणाऱ्या आई-वडिलांच्या हप्त्यावर ज्यांचे शिक्षण उभे आहे, त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे 'एवढेच' लहान नाही. पडद्यावर पंधरा वर्षे एका उडीत सरतात. त्या पंधरा वर्षांचे एकशे ऐंशी हप्ते मोजायला शिकवणे, एवढे काम वर्गाकडे उरते.